निघायच्या दिवशी धुणं नाही

रॉयस्टन पिकर्सगिलने वॉशिंग मशीन भिंतीपासून ओढून काढलं तेव्हा ते चालू होतं. मागची नळी निसटली आणि स्वयंपाकघरभर पाणी उडालं. मशीनचं दार उघडेना म्हणून त्याने ते बिजागरीसकट उपटलं, आतले फेसाने भरलेले कपडे जमिनीवर ओढले, त्यातून आपला निळा शर्ट शोधला आणि तसाच निथळता अंगात चढवू लागला. वय अठ्ठावन्न, डोकं दाराच्या चौकटीला टेकेल एवढी उंची, आणि उजवा गाल इतका सुजलेला की त्या बाजूचा डोळा अर्धा मिटला होता.

"धुऊन जाईल!" तो ओरडत होता. "धुऊन जाईल! धुऊन जाईल!"

"हो रे राजा, सगळं धुऊन जाईल," कयोडे म्हणाला. कयोडे हा रॉयस्टनची देखभाल करणारा, त्या घरातला मदतनीस. लागोसहून समुद्रकाठच्या हॅडलथॉर्पच्या या गारठ्यात आलेला, आवाज कधी न चढवणारा माणूस. तो दोन्ही हात पुढे करून हळूहळू जवळ गेला. "एक डाग राहणार नाही बघ. अगदी नव्यासारखं होईल. नक्की धुऊन जाईल."

रॉयस्टनने त्याच्या तोंडावर ठोसा हाणला.

ग्लेन्डा रस्बी तेव्हा बाहेरच्या दाराशी रॉयस्टनची बॅग घेऊन उभी होती आणि टॅक्सीवाल्याला हातानेच थांब म्हणत होती. आवाज ऐकून ती आत धावली. कयोडे पाण्यात बसला होता, ओंजळीत रक्त आणि त्यात दोन दात. रॉयस्टन स्वतःचा सुजलेला गाल फ्रीजच्या कडेवर आपटत होता, एकदा, परत, परत.

"रॉय! ए रॉय! बस कर!" ती त्याच्या आणि फ्रीजच्या मध्ये घुसली. हे करायचं नसतं असं तिनेच कित्येक नव्या पोरापोरींना शिकवलं होतं. त्याचं कोपर तिच्या नाकावर बसलं. काहीतरी कडकन मोडल्याचं तिला आधी ऐकू आलं, दुखलं नंतर. मग ती दोघं त्या फेसात आडवी झाली आणि तो तिच्याच अंगावर पडून लहान पोरासारखा हंबरडा फोडत राहिला. शर्टाची एक बाही अजून उलटीच होती.

टॅक्सी निघून गेली. कयोडेसाठी अँब्युलन्स आली. रॉयस्टनची हॉस्पिटलची वेळ दुसऱ्यांदा हुकली.

ग्लेन्डा नगरपालिकेच्या प्रौढ सेवा विभागात होती. काम ऐकायला सोपं: ज्यांना आपलं आपण डॉक्टरपर्यंत जाता येत नाही, त्यांना तिथवर पोचवायचं. प्रत्यक्षात डॉक्टर नावाचा माणूस किल्ल्यात राहतो आणि किल्ल्याच्या दारात फोन उचलणारी बाई बसलेली असते. रॉयस्टनला बोलता येई ते मोजक्याच शब्दांत, आणि दुखतंय हा शब्द त्यात नव्हता. गेली सबंध थंडी तो गाल दारावर आपटत होता. डॉक्टरांनी फोनवरूनच निदान केलं, की अशा लोकांचा स्वभावच असा असतो, आणि शांत राहायच्या गोळ्या लिहून दिल्या. त्याने दवाखान्यातली खुर्ची फेकली तेव्हा दवाखान्याने त्याचं नाव काढून टाकलं. दातांच्या डॉक्टरने तर आत घ्यायलाही नकार दिला. शेवटी ग्लेन्डाने कायद्याची कलमं तोंडावर फेकून, रोज फोन करून, सगळ्यांच्या नाकी नऊ आणून मोठ्या हॉस्पिटलात पूर्ण भूल देऊन दात बघायची वेळ मिळवली. पहिल्या वेळी रॉयस्टनने घरासमोरच टॅक्सीची काच फोडली. दुसऱ्या वेळी हे असं झालं.

दुपारी ती नाकाला कापूस लावून ऑफिसात गेली. तिचा साहेब डेस्मंड स्लेटर वाटच बघत होता. डेस्मंड वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर त्याच्याशी भांडणं सोपं गेलं असतं.

"घरी जा, ग्लेन्डा. तुझं नाक मोडलंय."

"माझं नाक आहे, मी बघून घेईन. मला तिसरी वेळ पाहिजे."

"तिसरी वेळ नाही. समितीचं जवळजवळ ठरलंय. त्याला आत न्यायचं."

आत म्हणजे समुद्रापासून दूर, तीन तासांच्या रस्त्यावर असलेलं कुलूपबंद हॉस्पिटल. वर्तन तपासायला म्हणून नेतात. स्वतःच तिथे पाठवलेल्या एका बाईला भेटायला ग्लेन्डा एकदा गेली होती. बाई भिंतीकडे तोंड करून बसलेली, ओळखेना. काही महिन्यांसाठी म्हणून गेलेली ती अजून तिथेच होती.

"तो मरेल तिथे," ग्लेन्डा म्हणाली.

"इथे तो कोणाला तरी मारेल. कयोडेचे दात पडलेत. उद्या डोळा गेला तर? मी काय उत्तर देऊ त्याच्या बायकोला?"

ग्लेन्डा ओरडली. टेबलावर मूठ आपटली, डेस्मंडचा चहा सांडला, नाकातून पुन्हा रक्त सुरू झालं आणि त्याच्या कागदांवर पडलं. तो रुमाल काढून पुसत बसला.

"समिती शुक्रवारी बसतेय," शेवटी तो म्हणाला. "त्याच्या आधी तू त्याला नेलंस, काम झालं, तर ठीक. नाही झालं तर त्याला आत न्यायच्या कागदावर तू सही करायची. तू स्वतः. मान्य?"

"मान्य," ती म्हणाली, आणि बाहेर येऊन तिने गाडीतूनच हॉस्पिटलला फोन लावला. हॉस्पिटलवाली बाई फोनवर कितीही ओरडली तरी गुरुवारची वेळ तिने पदरात पाडून घेतली. पण नेणार कसा, हे तिला ठाऊक नव्हतं. त्याला हॉस्पिटलची भीती वाटते असं सगळे म्हणत. पण तो तर कधी हॉस्पिटलापर्यंत पोचलाच नव्हता. दोन्ही वेळा घोडं घराशीच अडलं होतं.

ती आईकडे गेली. आईचं घर जवळ होतं, आणि स्वतःच्या घरी कोणी नव्हतं. नवरा टेरी त्याच दिवशी पहाटे समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या बोटीवर कामाला गेला होता.

विनी, म्हणजे तिची आई, चौऱ्याऐंशीची. कानाने कमी आणि जिभेने जास्त. तिने दार उघडून लेकीकडे नीट बघितलं.

"कोणी केलं? टेरीने?"

"टेरीत एवढी ताकद आहे का, आई?"

"तेही खरंच." विनीने तिला आत घेतलं, खुर्चीत बसवलं, गोठवलेल्या मटारची पिशवी नाकावर ठेवली. "तुला सांगत होते, मासळीच्या कारखान्यात लाग. तिथे मेलेले मासे मारत नाहीत."

ग्लेन्डाने रक्ताने भरलेला ब्लाऊज काढला आणि वॉशिंग मशीनकडे गेली. विनी एवढ्या वयात कशी उठली कोण जाणे, तिच्या आधी पोचली आणि मशीनला पाठ लावून उभी राहिली.

"आज नाही."

"अगं, रक्त आहे. वाळलं तर निघायचं नाही."

"नाही निघालं तर नको निघू दे. टेरी आज निघालाय ना?"

"आई, तो पवनचक्कीला तेल घालायला गेलाय. उत्तर ध्रुवावर कॉड मासे पकडायला नाही."

"पाण्यावर गेलाय ना? पाणी तेच आहे." विनीने तिच्या हातातला ब्लाऊज हिसकावून घेतला आणि चुरगळून कोपऱ्यात फेकला. "माणूस निघतो त्या दिवशी धुणं काढायचं नाही. धुणं काढलं की माणूस धुऊन जातो. लहानपणी कानाखाली वाजवून शिकवलं होतं, विसरलीस?"

ग्लेन्डा तिथेच उभी राहिली. मटारची पिशवी तिच्या हातातून खाली पडली.

"काय म्हणालीस?"

"बहिरी मी का तू? धुऊन जातो!"

ग्लेन्डा विसरली नव्हती. गोदीच्या गल्लीत वाढलेलं कोणी हे विसरत नाही. बाप बोटीवर निघाला की त्याला हात हलवून निरोप द्यायचा नाही, त्याने वळून बघायचं नाही, आणि त्या दिवशी गल्लीतल्या कुठल्याच घरात कापडाला पाणी लावायचं नाही. पण बोटी बंद पडून जमाना झाला होता. हे सगळं ती म्हाताऱ्यांच्या गमती म्हणून ऑफिसात सांगायची आणि सगळे हसायचे. आणि रॉयस्टनला घरात बॅग दिसली होती. दाराशी भरून ठेवलेली बॅग, आणि चालू मशीन. दोन्ही वेळा. एरवी धुणं निघे तेव्हा बॅग नसे, आणि बॅग अशी भरली जात नसेच.

धुणं काढायला सांगितलं कोणी? तिनेच. दवाखान्यात लोक त्याच्या वासाने खुर्च्या बदलून बसले होते, तेव्हा ते तिला सहन झालं नव्हतं. म्हणून तिने कयोडेला बजावलं होतं, की निघायच्या आधी त्याला आंघोळ घाल, रात्रीचे कपडे तेवढ्यात मशीनला लाव, तो परत येईल तेव्हा सगळं स्वच्छ मिळू दे. कोणी त्याला नाक मुरडता कामा नये. आणि कयोडे बिचारा त्याची समजूत घालत होता, की हो, नक्की धुऊन जाईल.

"आई, पिकर्सगिल आठवतात तुला? हार्पून रस्त्यावरचे?"

विनीचा चेहरा बंद झाला. दार लावून घ्यावं तसा.

"जॉयस पिकर्सगिल," ती म्हणाली. "तिचं ते पोरगं. मंद."

"रॉयस्टन. त्यानेच मारलं मला."

"मारणारच. खुनशी घर ते." विनी खुर्चीत बसली. "लेडी मॅरिगोल्ड बोट निघाली त्या दिवशी जॉयसने चादरी धुतल्या. त्या पोराने बिछान्यात घाण केली होती. नऊ वर्षांचा घोडा, बिछान्यात घाण! थंडी एवढी की चादरी दोरीवर फळ्यांसारख्या कडक झाल्या होत्या. सगळ्या गल्लीने बघितल्या. आणि बोट गेली ती गेली. आइसलँडच्या वर कुठेतरी. एक माणूस परत आला नाही."

"मग?"

"मग काय? बायकांनी तिला केसाला धरून बाहेर काढली. खिडक्या फोडल्या. पोर आत बोंबलत होतं. त्यालाही दोन बसल्या. त्याला विचारलं, कोणाच्या चादरी? तर म्हणे, माझ्या."

"तू होतीस?"

"होते. पहिला दगड माझा." विनीने डोळ्याला डोळा भिडवला. "माझा भाऊ होता त्या बोटीवर. तुझा मामा. तू सहा वर्षांची होतीस, तुला खांद्यावर घेऊन नाचायचा. मला काय विचारतेस?"

ग्लेन्डाला आईचा संताप आला आणि तिची कीवही आली, आणि दोन्ही एकाच वेळी सोसवेना म्हणून ती तशीच बनियनवर कोट घालून घराबाहेर पडली.

कयोडेला तिने फोनवर सगळं सांगितलं. गुरुवारी सकाळी ती रॉयस्टनच्या घरी पोचली तेव्हा कयोडे दारातच होता. ओठ वांग्यासारखा, पुढे खिंडार.

"तू सुट्टीवर असायला हवास."

"दोन दात देऊन शिकलो," तो म्हणाला, आणि शब्द फटीतून शिट्टीसारखे निघाले. "आता परीक्षेला दुसऱ्या कोणाला बसू देऊ? माझ्या आजीच्या गावात नदीवर निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. मला कोणी एक शब्द बोललं असतं ना, ग्लेन्डा, तर मला कळलं असतं."

नवं मशीन आलं होतं. रॉयस्टन त्याच्यासमोर जमिनीवर बसून राखण करत होता. रात्री गालातून फुटून पू आला होता आणि निळ्या शर्टाची सगळी उजवी बाजू पिवळी-तांबडी होऊन चिकटली होती. त्याच्यावर अंड्याचे डाग. खोलीत उभं राहवेना असा वास येत असणार, कारण कयोडेने खिडकी उघडी टाकली होती. ग्लेन्डाला काही येत नव्हता. नाक मोडल्याचा तेवढाच फायदा.

तिने बॅग दाराशी ठेवली. रॉयस्टनने बॅगेकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, आणि त्याच्या मुठी वळल्या.

ग्लेन्डाने स्वयंपाकघरातली कात्री घेतली, मशीनची वायर भिंतीतून उपटली आणि कचकन कापून टाकली. कोरं करकरीत मशीन, नगरपालिकेचं. कापलेला प्लग तिने रॉयस्टनच्या हातात दिला.

"धुणं नाही," ती म्हणाली. "आज निघायचंय. आज धुणं नाही, रॉय. आंघोळ नाही. काही नाही."

तो प्लगकडे बघत राहिला. बोटाने त्याच्या तीन पितळी पिना चाचपल्या. मग तो प्लग खिशात घातला, बॅग उचलली आणि जाऊन टॅक्सीत बसला. ड्रायव्हरने मागे वळून नाक धरलं.

"ए बाई, हा काय मेलाय का?"

"तू गाडी चालव नाहीतर तू मरशील," ग्लेन्डा म्हणाली.

हॉस्पिटलात अर्धं काम तर सुरळीत झालं. कयोडे एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला. लोक उठून लांब बसले, बसू दे. रॉयस्टन खिशातला प्लग मुठीत धरून कण्हत होता, पण बसला होता. मग पडद्याआड नेलं. नर्स आली, तरुण, हसतमुख, मनाने चांगली. चांगली माणसंच घात करतात.

"अरेरे, काय अवस्था ही!" ती म्हणाली. "चला, हा गाऊन घालू या. आणि हा शर्ट द्या इकडे. तुम्ही झोपाल तेवढ्यात धुऊन ठेवते. अगदी स्वच्छ धुऊन जाईल."

ग्लेन्डाने तोंड उघडेपर्यंत उशीर झाला होता.

औषधांची ट्रॉली पडद्यासकट आडवी झाली. नर्स मागच्या खाटेवर आदळली आणि तिचं डोकं लोखंडावर आपटलं. कयोडेने रॉयस्टनची कंबर धरली तर त्याने कयोडेला पाठीवर घेऊनच भिंतीवर धडक मारली. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी किंचाळायला लागली. कोणीतरी घंटा दाबली. हॉस्पिटलचा रखवालदार धावत आला, रॉयस्टनपेक्षाही रुंद, त्याने त्याला पायाने पाडलं, हात मागे पिरगाळला आणि मानेवर गुडघा रोवला. सुजलेला गाल फरशीवर दाबला गेला. रॉयस्टनच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता.

"पोलिसांना बोलवा!" रखवालदार ओरडला. "याला इंजेक्शन द्या आणि घेऊन जा!"

ग्लेन्डाने पुढचामागचा विचार केला नाही. तिने रॉयस्टनची बॅग दोन्ही हातांनी उचलली आणि रखवालदाराच्या डोक्यात घातली. एकदा पुरलं नाही म्हणून दुसऱ्यांदा घातली.

"ऊठ त्याच्यावरनं! ऊठ, मेल्या!"

तो उठला. रागाने नव्हे, थक्क होऊन. नाकावर पट्टी लावलेल्या, नगरपालिकेचं ओळखपत्र गळ्यात घातलेल्या बाईकडून मार खायची त्याला सवय नसावी. तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई पडद्याशी येऊन उभ्या राहिल्या. पिकल्या केसांच्या, थकलेल्या.

"दहा मिनिटांत हा माणूस टेबलावर नसेल तर पुढचा पेशंट घेते," त्या म्हणाल्या. "तुमचं काय चाललंय ते संपवा."

ग्लेन्डा फरशीवर बसली. रॉयस्टन तसाच पडून होता, शर्टाची गळपट्टी दोन्ही मुठींत आवळून.

"रॉय. बघ माझ्याकडे. ती धुणार नाही. तिला माहीत नाही. ती आपल्या गल्लीतली नाही." तिचा आवाज फाटला. "तुझ्या चादरींनी कोणी गेलं नाही, ऐकतोस? वादळ होतं. बोट बर्फाने जड झाली. चादरींनी नाही." त्याच्या डोळ्यात काही हललं नाही. हे सांगून उपयोग नव्हता. त्या गल्लीत एकाही माणसाने त्याला हे कधी सांगितलं नव्हतं आणि आता फार उशीर झाला होता. म्हणून तिने त्याला कळेल तेच केलं. कोट काढून फेकला. "मला दे. मी अंगावर घालते. तू येईपर्यंत माझ्या अंगावर राहील. कोणी हात लावला तर मी मारीन त्याला. बघितलंस ना आत्ता?"

रॉयस्टनने रखवालदाराकडे बघितलं. रखवालदार डोकं चोळत होता.

मग त्याने एक-एक बटण काढलं. ग्लेन्डाने तो शर्ट अंगात घातला. तो तिच्या गुडघ्यापर्यंत आला, पू आणि रक्त तिच्या गळ्याला गार लागलं. तिने सगळी बटणं लावली, वरचंसुद्धा.

खाट दारातून आत जाताना ती नर्स, कपाळावर टेंगूळ घेऊनसुद्धा हसून, हात वर करून हलवायला लागली. ग्लेन्डाने तिचं मनगट पकडून खाली दाबलं.

"हात हलवायचा नाही," ती म्हणाली, आणि दाराकडे पाठ करून उभी राहिली. त्याने वळून बघितलं की नाही हे तिला कळलं नाही.

ती त्या बोळातल्या खुर्चीवर तशीच बसली. येणारेजाणारे वळसा घालून जात. रखवालदार एकदा येऊन तिच्या शेजारी चहा ठेवून गेला. डेस्मंडचा फोन आला.

"मारलं का कोणाला?"

"हो."

"अरे देवा! कोणाला?"

"रखवालदाराला. पण रॉयने नाही. मी."

"ग्लेन्डा, मी उद्या समितीला काय सांगू?"

"सांग, त्याचे दात दुखत होते," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

दातांचे डॉक्टर बाहेर आले ते घामाघूम होऊन. तीन दाढा काढल्या होत्या. खाली हाडात पू भरला होता, अजून थोडे दिवस गेले असते तर रक्तात उतरला असता. "हा माणूस इतके महिने उभा कसा राहिला?" ते म्हणाले.

"उभा नव्हता राहिला," ग्लेन्डा म्हणाली. "मारत सुटला होता."

रॉयस्टन शुद्धीवर येत होता तेव्हा त्यांनी तिला आत बोलावलं. गालावर पट्टी, ओठ कोरडे, डोळे अजून धुक्यात. कयोडे पायथ्याशी उभा होता. रखवालदारही दारात येऊन थांबला, न बोलावता, हात तयार ठेवून.

ती खाटेजवळ गेली. रॉयस्टनचा हात अचानक वर आला आणि त्याने तिच्या गळ्याशी शर्ट मुठीत पकडला. केवढी मूठ ती! रखवालदार पुढे झाला. ग्लेन्डाने डोळे मिटून घेतले आणि मोडलेल्या नाकावर काय येतंय त्याची वाट बघत राहिली.

काही आलं नाही. तिने डोळे उघडले. रॉयस्टनने शर्ट नाकाशी ओढून धरला होता आणि त्याचा वास घेत होता. पू, रक्त, अंडं, घाम. सगळं जिथल्या तिथे होतं.

"धुतला नाही," तो म्हणाला.

"नाही धुतला, राजा."

त्याने मान वळवून खिडकीकडे बघितलं, खाटेच्या कडेच्या आपल्या बॅगेकडे बघितलं, स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघितलं. जमिनीवर पोचलेल्या माणसासारखं. मग मूठ सोडली, आणि नऊ वर्षांचा असल्यापासून कोणालाही न म्हटलेली गोष्ट तो म्हणाला.

"आलो," तो म्हणाला. "आता धू."